टोपडं घातलेला फॅन

नमस्कार मंडळी. भूतं शिकलेल्या लोकांनाच दिसतात, असं माझं मत होतं. ते पुस्तकं वाचतात, डोक्यात भरून घेतात, मग त्यांना दिसतं. मी पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानाच्या आत घोरतो, त्यामुळे मला काही दिसायचा प्रश्नच नव्हता. सातवीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर घरात अजून वाद चालू आहे. हे सुद्धा मी लिहीत नाहीये, मोबाईलला बोलतोय आणि तो लिहितोय. शुद्धलेखनाच्या शिव्या त्याला द्या.

आणि धंदाच माझा असा, की भुतावर विश्वास ठेवून चालायचं नाही. मी जुने इलेक्ट्रिक फॅन ओळखतो. कुठला, कधीचा, पाती मूळची की नंतर बसवलेली, रंग कितव्यांदा मारलाय... जमवणारे शौकीन लोक असतात, ते विकत घ्यायच्या आधी मला बोलावतात. आता जुना फॅन म्हणजे काय, तर मालक मेलेला फॅन. प्रत्येक फॅनच्या मागे त्याचा मालक आला असता, तर इथं बेंगळुरात, बनशंकरीतल्या माझ्या दुकानात टोकन वाटावं लागलं असतं.

मी फार हुशार आहे असं समजू नका. एकदा एका साहेबांना छाती काढून सांगितलं, सार, स्वातंत्र्याच्या आधीचा पीस, डोळे झाकून घ्या. त्यांनी डोळे न झाकता फॅन उलटा केला, तर बुडाच्या पट्टीवर कंपनीचा पत्ता, पिनकोडसकट. पिनकोड स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षांनी आला, हे मला त्या दिवशी कळलं. असा मी.

तर झालं असं. इंदिरानगरला अरविंद सर म्हणून आहेत, पुण्याचे, कॉम्प्युटरमधले. घरात फॅन इतके की माणसांना उभं राहायला जागा नाही. त्यांचा फोन आला, “नागराज, जे. पी. नगरला एक पीस आहे. ओल्ड कपल आहे, मुलगा परदेशात. त्याने फोटो पाठवलाय, पण फोटोत काही कळत नाहीये. ब्रासची पाती दिसतायत. तुम्ही जाऊन फक्त एवढं कन्फर्म करा, ऑसिलेटिंग आहे की फिक्स्ड. फिक्स्ड माझ्याकडे ऑलरेडी दोन आहेत.”

ऑसिलेटिंग म्हणजे मान फिरवणारा. इकडून तिकडे, तिकडून इकडे. फिक्स्ड म्हणजे एकीकडेच बघत बसणारा, आमच्या वर्गातल्या माझ्यासारखा. यातला फरक लहान पोरगंही सांगेल. एवढं सोपं काम, म्हणून तर मी हसत हसत गेलो.

घर सरोजक्कांचं. आमच्यासारखेच मराठी, चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेले लोक. पूर्वज घोड्यावरून आले म्हणतात. मी स्कूटरवरून गेलो, शेवटचा चढ ढकलत. अक्का सत्तरीच्या पुढच्या, पण चालणं असं की फरशीनं बाजूला व्हावं. आतल्या खोलीत त्यांचे यजमान. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. हात नाही, पाय नाही, तोंडातून शब्द नाही. डोळे तेवढे हलत होते.

खोली नीट सांगतो, कारण पुढे सगळं त्या खोलीवर आहे. आत शिरलं की डाव्या भिंतीला अक्कांची कॉट, उजव्या भिंतीला अण्णांची. मधे जायला-यायला वाट. वाटेच्या टोकाला, दाराच्या बरोबर समोर, खिडकीखाली उंच स्टूल आणि त्यावर फॅन. तोंड दाराकडे. अक्कांच्या कॉटवर भिंतीला देवाचं कॅलेंडर. अण्णांच्या कॉटच्या दांडीला एक पातळ टॉवेल.

आणि फॅनला टोपडं. खरंच सांगतो. अक्कांनी लोकरीचं टोपडं विणून फॅनच्या मागच्या मोटरवर घातलेलं, खाली गळ्यापर्यंत, नाडी बांधून. धूळ जाऊ नये म्हणून. पुढे पाती फिरतायत, मागे बाळाचं टोपडं.

मी म्हटलं, “अक्का, स्वल्प बंद करून हे काढून बघू का?”

“बंद नको करू रे नागू. ह्यांना घाम येतो. तू बस आधी. कोडबळे खा.”

कोडबळे म्हणजे आपली कडबोळीच. आता मला सांगा, गरम कोडबळे समोर आल्यावर कुठला माणूस मोटर बघेल? मी अक्कांच्या कॉटच्या पायथ्याशी बसलो, ताट मांडीवर. खाता खाता कॅलेंडर फडफडायला लागलं. मानेला गार वारा. मग कॅलेंडर थांबलं आणि पलीकडे अण्णांच्या दांडीचा टॉवेल हलला. मग टॉवेल थांबला, परत कॅलेंडर. वा, म्हटलं, काय झोकात मान फिरवतोय. सावकाश, दम खात. असा गिअर आता बनत नाही.

अरविंद सरांनी व्हिडिओ मागितला होता. बसल्या जागेवरून फोन धरून काढला आणि पाठवला. वर फोनही केला, “सार, ऑसिलेटिंग. एकदम मस्त चालू.”

अक्कांना फॅनचं काही वाटत नव्हतं. म्हणाल्या, “मुलानं रिमोटचा नवा पाठवलाय. ह्याची वायर कापडाची, कधी शॉक देईल म्हणून तो रोज फोनवर ओरडतो. घेऊन जा. टोपडं राहू दे त्याच्यावर, मला काय करायचंय.”

टोपड्यासकट खोक्यात घालून पाठवून दिला. खोकं उचलताना माझी नजर सहज अण्णांकडे गेली. ते स्टुलाकडे बघत होते. मला वाटलं, असंच.

दोन-तीन दिवसांत अक्कांचा फोन. आवाज तो नव्हताच, चालताना फरशी हलवणाऱ्या बाईचा.

“नागू, फॅन परत आणून दे.”

“काय झालं अक्का? नवा चालत नाही का?”

“नवा मान फिरवतो, लाईट लावतो, गाणं म्हणायचं तेवढं राहिलंय. ह्यांनी खाणं सोडलंय रे. चमचा ओठाला लावला तरी दात मिटून. आंबील सगळी गळ्यावरून खाली. झोप नाही. डोळे त्या स्टुलावरून हलत नाहीत. डॉक्टर म्हणतात उद्यापर्यंत बघू, नाहीतर नाकातून नळी. पैसे परत करते, फॅन आण.”

मी सरी, म्हणजे बरं, म्हटलं आणि फोन ठेवला, तोवर अरविंद सरांचा फोन आला. मी काही बोलायच्या आत ते सुरू.

“नागराज, ही काय चेष्टा आहे? हा फिक्स्ड आहे.”

“सार, नाडी सैल झाली असेल, टोपडं अडकलं असेल...”

“टोपडं मी काढलंय. तुम्ही येऊन बघा.”

गेलो इंदिरानगरला. फॅन टेबलावर, उघडाबोडका. मी सरळ मागे जाऊन मोटर बघितली.

मान फिरवणाऱ्या फॅनला मोटरच्या मागे गिअरचा एक डबा असतो, डब्यातून खाली एक दांडी येते आणि गळ्याशी सांधा असतो. यातलं काही नसलं तर मान फिरत नाही, संपलं. ह्या फॅनला डबा नव्हता. दांडी नव्हती. कुणी काढून टाकली असती तर भोकं राहिली असती, तीही नव्हती. आणि सांधा... बूड आणि गळा एकाच ओतीव बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा. एकच तुकडा. फॅन जन्मला तेव्हापासून ताठ मानेचा होता. मी गळ्याला दोन्ही हातांनी धरून पिळून बघितला, माझंच मनगट दुखलं.

“चालवून बघितला का सार?”

“दोन दिवस चालवतोय. समोर उभं राहिलं की वारा लागतो, बाजूला गेलं की नाही. नॉर्मल फिक्स्ड फॅन.”

मी म्हटलं, “मी डोळ्यांनी बघितलं, इकडून तिकडे...” आणि तिथंच माझी गाडी अडली. डोळ्यांनी काय बघितलं होतं? कॅलेंडर बघितलं. टॉवेल बघितला. कोडबळे तर फार नीट बघितले. फॅनची मान वळताना? नाही. एकदाही नाही. मान वळते हे मी धरूनच चाललो होतो.

“व्हिडिओ आहे ना,” मी म्हटलं, “तुमच्याकडे पाठवलाय, त्यात बघू.”

अरविंद सरांनी माझ्याकडे असं बघितलं, की मास्तरांची आठवण झाली. “तुमचा व्हिडिओ मी कितीदा बघितला माहितीये? सगळा काळा आहे. तुम्ही कॅमेऱ्यावर अंगठा ठेवलाय.”

लावला त्यांनी. काळाकुट्ट. मी कोडबळे मोडल्याचा कटकन आवाज. मग माईकमध्ये वारा घुसल्यावर येतो तसा आवाज, फर्रर्र... कमी कमी होत गप्प. फक्त पात्यांची घरघर लांबून. मग परत फर्रर्र... परत गप्प.

शेवटपर्यंत तसंच. वारा येतोय, जातोय.

आम्ही दोघं त्या ताठ मानेच्या फॅनकडे बघत बसलो. घरात तेवढे सगळे फॅन, आणि दोघांनाही घाम.

“खिडकीतून येत असेल,” सर म्हणाले.

“असेल,” मी म्हटलं. खिडकी बंद होती, हे मला पक्कं आठवत होतं. उघडायला मीच उठलो होतो, तर अक्का म्हणाल्या होत्या, बिजागरी गंजलीय, नको ओढू.

अक्कांचं सगळं सांगितलं त्यांना, आंबील, नळी, उद्यापर्यंत. ते बिचारे लगेच म्हणाले, “अहो घेऊन जा ना मग. फिक्स्ड माझ्याकडे दोन आहेत.” वर मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आले. खोक्याला हात मात्र लावला नाही.

रिक्षात फॅन मांडीवर घेऊन बसलो. रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, “काय सार, ऊन एवढं की स्वतःचा फॅन घेऊन फिरता?” एरवी मी त्याला परत दोन जोक ऐकवले असते. त्या दिवशी फॅनच्या गळ्यावर हात ठेवून बसलो होतो, वळतो की काय म्हणून.

जे. पी. नगरला पोचलो तेव्हा दुपार. अक्का दारातच. अण्णांकडे बघवेना. गाल आत गेलेले, ओठांवर आंबील वाळलेली. डोळे स्टुलावर.

नवा फॅन बाजूला केला, जुना ठेवला. जाग्यावर, तसाच, तोंड दाराकडे. टोपडं घातलं नाही. मुद्दाम. अक्का म्हणाल्या, “घाल की, धूळ जाईल.” मी म्हटलं, “थांबा अक्का, मला एक बघायचंय. हा मान फिरवायला कधीपासून लागला?”

“कधीपासून म्हणजे?”

“नवा घेतला तेव्हा फिरवायचा?”

अक्का हसल्या, पदरानं नाक पुसलं. “कुठला रे. आमची रोजची भांडणं त्यावरून. वारा माझ्याकडे कर, माझ्याकडे कर. हे एवढे कंजूष, दुसरा फॅन घेतला नाही, पण रात्रीत चार-पाच वेळा उठून हातानं फिरवायचे. स्वल्प माझ्याकडे, स्वल्प स्वतःकडे. माझी झोप लागली की माझ्याकडेच ठेवून द्यायचे आणि सकाळी म्हणायचे, मी कुठं केला, तो आपोआप झाला. मग हे पडले. मी दवाखान्यातून आणलं ह्यांना, फॅन लावला, तर वारा आपला इकडे-तिकडे. मला वाटलं, पडायच्या आधी कुणाकडून तरी रिपेरी करून घेतला असणार. मला न सांगता. तसले उद्योग फार ह्यांचे.”

माझ्या हातात प्लग होता. घालू का नको, असं झालं. पण अण्णांचे ओठ दिसले आणि घातला.

पाती फिरली. वेग घेतला. मी फॅनच्या बरोबर समोर, वाटेत उभा. नाकासमोर, हातभर अंतरावर पाती घरघरतायत... आणि माझ्या तोंडावर वारा नाही.

काही नाही. शर्टाची कॉलर हलेना. मी हात पुढे केला, जाळीला बोटं टेकवली. जाळी थरथरत होती. वारा नव्हता.

डावीकडे कॅलेंडर फडफडलं.

मी फॅनच्या गळ्यावर तळहात दाबून धरला. गार, ताठ बीड. मान हलली नाही, हे मी माझ्या आईची शपथ घेऊन सांगतो. हात तिथंच होता माझा. आणि तिकडे आपल्या कॉटवर बसलेल्या अक्कांच्या कपाळावरचे पांढरे केस उडत होते. खिडकीची कडी लावलेली. छताला फॅन नाही. नवा फॅन कोपऱ्यात, वायर गुंडाळून.

का कोण जाणे, मी अण्णांकडे बघितलं. अण्णा अक्कांकडे बघत होते.

मग त्यांनी डोळे सावकाश फिरवले. स्वतःच्या छातीकडे, खाली. कॅलेंडर गप्प झालं. दांडीचा टॉवेल हलला.

मग डोळे परत अक्कांकडे. कॅलेंडर.

अक्कांना यातलं काही दिसत नव्हतं, त्या वाटीत आंबील ढवळत होत्या. मला वाटतं, मी स्वतःशीच काहीतरी बोललो, “देवा” वगैरे. तेव्हा अण्णांनी माझ्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यात डोळे घालून.

वारा माझ्या तोंडावर आला. असा की डोळे मिटले गेले.

मी मागे सरकलो, कॉटला अडखळलो आणि बसलो तो नेमका कोडबळ्यांच्या ताटात. अक्कांनी माझ्यासाठी भरून ठेवलं होतं, पहिल्यासारखंच, त्याच जागी. कडाकड आवाज झाला. अक्का म्हणाल्या, “अय्यो नागू, काय हे?” आणि मी शपथेवर सांगतो, अण्णांच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. झटक्यानंतर पहिल्यांदा.

“बघ, हसले,” अक्का म्हणाल्या आणि उठून अण्णांपुढे चमचा धरला. अण्णांनी तोंड उघडलं. एक चमचा, दुसरा, तिसरा. वाटी संपली. नळी घालावी लागली नाही. मी पँटला चिकटलेले तुकडे झाडत, त्या घरातून निघालो.

अक्कांना मी सांगितलं नाही. काय सांगणार? रिपेरी कुणी केली नाही, म्हणून? टोपडं परत घालायला विसरलो होतो, ते त्यांनीच घातलं असणार.

पुढे विचारलं बऱ्याच जणांना. एक वायरमन मित्र म्हणाला, पाती वाकलेली असतील. पाती मी स्वतः मोजून बघितलेली, सरळ. एका शिकलेल्या माणसानं मला हवेच्या दाबाबद्दल इतकं समजावलं की मी बसल्या जागी झोपलो. अरविंद सर म्हणतात, “नागराज, तुम्ही घाबरला होतात.” हे खरंच आहे. पण त्यांनी तो काळा व्हिडिओ अजून डिलीट केलेला नाही. मी विचारलं का, तर विषय बदलतात.

अण्णा त्यानंतर बरेच महिने होते. मग एका पहाटे झोपेतच गेले. तेराव्याला मला जमलं नाही, म्हणून नंतर एका दुपारी भेटायला गेलो. ऐन उन्हाळा. बेंगळुरात हल्ली उन्हाळा कसा असतो, तुम्हाला माहीत आहे. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

अक्का आपल्या कॉटवर बसल्या होत्या. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर.

“बरं नाही का अक्का?”

“मला काय झालंय. थंडी वाजते.” त्यांनी हनुवटीनं स्टुलाकडे दाखवलं. “हे गेल्यापासून सारखा माझ्याकडेच. एकदाही तिकडे जात नाही. बिघडलाय बहुतेक. बघ की स्वल्प.”

फॅन टोपडं घालून दाराकडे तोंड करून घरघरत होता. मी जाऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. घाम नाकावरून थेंब थेंब गळत होता, तो तसाच गळत राहिला. पलीकडे अण्णांची गादी गुंडाळलेली, दांडीचा टॉवेल सरळ लटकलेला. आणि अक्कांच्या मागे कॅलेंडर भिंतीवर आपटत होतं, थांबतच नव्हतं.

मी गळ्याला हात लावला. ताठ.

“बंद करू का अक्का, थंडी वाजते तर?”

“छे, बंद कशाला,” अक्का म्हणाल्या आणि मफलर घट्ट केला. “असू दे. बस तू. कोडबळे आणते. आणि ह्या वेळी बघून बस.”

मी बसलो. बघून बसलो. खाता येईना, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

फॅन ओळखणं हा माझा धंदा. हा फॅन मला ओळखता आलेला नाही. मोटर उघडली, पाती मोजली, तार तपासली, सगळं साधं आहे, इतर कुठल्याही फिक्स्ड फॅनसारखं. वारा कसा वळतो, हे मला आजही माहीत नाही. तुमच्यात कुणी इंजिनियर-बिंजिनियर असेल आणि कारण सापडलं तर मला जरूर कळवा, मी समजून घ्यायचा प्रयत्न करेन. अक्कांना मात्र सांगू नका. त्यांनी आता दुसरा स्वेटर विणायला घेतलाय.